जुन्या स्विफ्टसाठी हलकं फ्लायव्हील: कोल्हापुरात एकच नग करून घेताना

माझी स्विफ्ट २००८ सालची, पेट्रोल, १.३ लिटरची. तिच्यातलं जी१३बीबी इंजिन एस्टीम आणि जिप्सी किंगवाल्यांच्या ओळखीचं आहे: १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८७ बीएचपी, आणि वर फिरायला मनापासून तयार. २०१० मध्ये प्रदूषणाचे बीएस ४ नियम आले तेव्हा स्विफ्टमधून ते गेलं आणि १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन आलं. मला हे जुनं इंजिन फार आवडतं, म्हणून गाडी बदलायचा विषय घरात निघाला की मी तो पुढे सरकू देत नाही.

सवड मिळेल तशी मी ऑटोक्रॉसला जाते. मोकळ्या मैदानावर रस्ता दाखवायला प्लास्टिकचे शंकू मांडलेले असतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच सगळा खेळ होतो. तिथे एक गोष्ट सतत खटकायची. वळणाआधी दुसऱ्यातून पहिल्यात येताना ॲक्सिलरेटरला टिचकी मारली तरी इंजिनाचे फेरे वर चढायला वेळ घ्यायचे, आणि क्लच दाबल्यावर खाली यायलाही. हा आळस फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा (क्रँक) आणि क्लच यांच्या मधल्या जड चकतीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लच घसरायला लागला. म्हणजे गिअरबॉक्स उतरणारच होता. फ्लायव्हील बदलायचं असेल तर त्याच वेळी बदलावं, कारण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो आणि तो एकदाच द्यावा लागतो. मराठीत या कामावर सलग असं काही मला वाचायला मिळालं नाही. त्यामुळे जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते.

गॅरेजमध्ये विचारलं की पहिला प्रश्न येतो, 'किती किलोचं पाहिजे?' हा प्रश्न अपुरा आहे. इंजिनाला फ्लायव्हीलचं वजन जाणवत नाही, त्याचं जडत्व आघूर्ण जाणवतं, म्हणजे ते फिरवायला किती जड जातं ते, आणि त्यात त्रिज्येचा वर्ग येतो. मध्यापासून १२ सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम धातू ६ सेंटिमीटरवरच्या चार ग्रॅमइतका भारी पडतो. म्हणून वजन सारखं असलेली दोन फ्लायव्हील्स चालवताना अगदी वेगळी वाटू शकतात. बोल्टांच्या जवळ भोकं पाडून 'दीड किलो कमी केलं' असं कोणी सांगितलं तर त्याला फार अर्थ नाही. कमी करायचं ते कडेला.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजमापाची सोय हाताशी होती. एका मित्राच्या गॅरेजात बंद पडलेल्या स्विफ्टचं तसंच फ्लायव्हील होतं, ते चार दिवस मागून आणलं. वजन ७.२ किलो भरलं. मग छताच्या हुकाला लाकडी चकती बांधली, दीड मीटर लांबीच्या तीन दोऱ्यांनी मध्यापासून १० सेंटिमीटरवर फ्लायव्हील आडवं टांगलं आणि हलका पीळ देऊन सोडलं. वीस झोक्यांना साडेअठ्ठेचाळीस सेकंद लागले. त्यावरून जडत्व आघूर्ण आलं ०.०७ किलोग्रॅम-वर्गमीटर. हे घरी कोणालाही जमेल. तिन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या हव्यात आणि पीळ थोडाच द्यायचा, एवढीच काळजी.

दुसरं मोजमाप रस्त्यावरचं. प्रत्येक गिअरमध्ये ३००० आरपीएमला गाडीचा खरा वेग किती, हे मोबाईलच्या जीपीएसवर बघितलं. शेजारी बसून नवऱ्याने आकडे लिहिले. पहिल्यात २३, दुसऱ्यात ४३, तिसऱ्यात ६४, चौथ्यात ८४, पाचव्यात १०८. एवढ्यावरून गणित मांडता येतं: जडत्व ०.०२८ ने कमी केलं, म्हणजे मूळच्या ४० टक्क्यांनी, तर वेग घेताना पहिल्या गिअरमध्ये गाडी सुमारे ६८ किलोंनी हलकी झाल्यासारखी वागेल. दुसऱ्यात १९ किलो, तिसऱ्यात ९, चौथ्यात ५, पाचव्यात ३.

हा हिशेब कागदावर आला तेव्हा निर्णय जवळजवळ झाला. माझं काम पहिल्या-दुसऱ्यातलं, तिथे फायदा आहे. कोणी पुणे-बंगळूर हायवेवर पाचव्या गिअरमध्येच गाडी चालवत असेल तर त्याला तीन किलोंसाठी एवढा खर्च करायचं काही कारण नाही, कारण इंजिनाची ताकद याने जराही वाढत नाही. आणि ४० टक्क्यांच्या पुढे मी गेले नाही तेही याच गाडीसाठी. मी हिनेच रोज कॉलेजला जाते. फ्लायव्हील इंजिनाचे दोन स्फोटांमधले हेलकावे सांभाळतं. ते फार हलकं केलं तर आयडलिंग डळमळतं आणि चढावर गाडी उचलताना बंद पडते.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे मूळ फ्लायव्हीलच लेथवर चढवून मागून खरवडायचं. तेव्हा दोन हजारांत काम व्हायचं आणि पुष्कळ लोक ते करतात. मी ते केलं नाही, आणि करू नका असं कळकळीने सांगते. मूळ भाग ओतीव लोखंडाचा असतो. ७००० आरपीएमला १३ सेंटिमीटर त्रिज्येची कड ताशी ३४० किलोमीटरने फिरते, आणि नुसत्या फिरण्याने तिच्यात ६५ मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. एफजी २६० दर्जाचं ओतीव लोखंड २६० मेगापास्कलला तुटतं. कागदावर चौपट अंतर दिसतं, पण भोकांच्या कडेला ताण दुप्पट-तिप्पट होतो, आणि क्लचच्या उष्णतेने पृष्ठभागावर बारीक भेगा पडलेल्या असतात त्या वेगळ्याच. कोल्हापुरातल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला हे सांगावं लागत नाही. फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग, म्हणजे त्याच्याभोवतीचं कवच, फोडून बाहेर येतं, आणि ते फिरतं आपल्या पायांपासून हातभर अंतरावर.

दुसरा पर्याय परदेशातून तयार मागवायचा, ॲल्युमिनियमचा किंवा क्रोमोली नावाच्या मिश्र पोलादाचा. जुन्या स्विफ्ट जीटीआयसाठी म्हणून काही दिसले. पण क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ, रिंग गिअरच्या (स्टार्टर ज्यात अडकतो त्या कडेच्या दातेरी कड्याच्या) दात्यांची संख्या आणि क्लचचा व्यास माझ्या इंजिनाला जुळेल याची लेखी खात्री कोणी देईना, आणि कस्टम भरून आलेला नग परत करणं अवघड. तो विषय तिथेच मिटवला.

राहिला तिसरा: ईएन १९ पोलादातून नवं कातून घ्यायचं. उष्णतोपचारानंतर (हीट ट्रीटमेंट) हे पोलाद तुटायला साडेआठशे मेगापास्कलहून जास्त ताण लागतो. आणि कोल्हापूरसारख्या गावात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव एवढं सगळं असताना हाच मार्ग मला योग्य वाटला.

काम सुरू करण्याआधी कागदपत्रं. गाडीची पंधरा वर्षं २०२३ च्या मार्चमध्ये भरली होती आणि नोंदणीचं नूतनीकरण तेव्हाच केलं होतं (फॉर्म २५, पाच हजार शुल्क, वर पर्यावरण कर, गाडीची तपासणी). तुमची तारीख जवळ असेल तर आधी ते उरकून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरटीओच्या खिडकीवर विचारलं तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे आरसीची छापील प्रतच पुढे ठेवली. इंजिन नंबर, चॅसी नंबर, इंधन, सीसी, आसनं, रंग. 'यात फ्लायव्हीलचा रकाना नाही मॅडम, आम्ही नोंद कशात करणार?' लेखी काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं.

विमा कंपनीला मात्र लेखी कळवलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. २ नोव्हेंबरला ईमेल केला. आधी यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं, 'आरसीवरील नोंद जोडा.' मग मी एक पानी पत्र लिहिलं: कोणता भाग, कोणतं पोलाद, वजन किती होतं आणि किती होणार, शक्तीत वाढ नाही, आरसीच्या कुठल्याही रकान्यात बदल नाही. सोबत ड्रॉइंग जोडलं. २४ नोव्हेंबरला उत्तर आलं की बदलाची नोंद घेतली, प्रीमियममध्ये फरक नाही. त्या तीन आठवड्यांत जिवाला घोर होता, कारण त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी हे सोडून दिलं असतं. एक गोष्ट पॉलिसीतच छापलेली असते, ती वाचून ठेवा: आयोजित शर्यती, वेगचाचण्या आणि रिलायबिलिटी ट्रायल यांतलं नुकसान खासगी गाडीच्या विम्यात धरलेलं नसतं. मैदानावर जे होईल ते आपल्या खिशातून.

मधल्या काळात ड्रॉइंग. उद्यमनगरातल्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये गेले. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्यांदा ते तयार नव्हते.

'ताई, एका नगाला मशीन सेट करायलाच अर्धा दिवस जातोय की. पन्नास नग असतील तर सांगा.'

मी फ्लायव्हील टेबलावर ठेवलं आणि टांगून मोजलेल्या जडत्वाचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला, मग मुलाला हाक मारून दाखवला. 'हे कसं मोजलं ते आमच्या पोराला शिकवा, मग बघू.' दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या क्रेनच्या हुकाला आम्ही तिघांनी परत एकदा ते टांगलं. काम तिथेच ठरलं.

मामांनी सांगितलं की या भागात तीन मापं देवाची, त्यांना हात लावायचा नाही. क्रँकवर बसणाऱ्या तोंडापासून क्लच प्लेट घासते त्या तोंडापर्यंतची उंची. ती बदलली तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगची चाल बिघडते. क्रँकवर बसणाऱ्या मधल्या भोकाचा व्यास. तो ढिला झाला तर सगळं तिरकं फिरतं. आणि रिंग गिअरची जागा, नाहीतर स्टार्टर दात खातो. बाकी जिथून धातू काढायचा तो मागच्या, इंजिनाकडच्या बाजूने आणि कडेकडून. प्रत्येक कोपऱ्याला चांगली त्रिज्या द्यायची, धारदार खाच कुठेही ठेवायची नाही. घर्षणाच्या तोंडाखाली जाडी राखली, कारण क्लचची उष्णता तिथेच मुरते. काही गाड्यांत क्रँक सेन्सरचे दाते किंवा टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर असते. तुमच्या गाडीत असेल तर तीही ड्रॉइंगवर आली पाहिजे.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. त्या काळात एमआयडीसीत कोणी काम हातात घेत नाही, त्यामुळे पोलाद आणलं २७ तारखेला. २८० मिलिमीटर व्यासाच्या राऊंड बारचा ४५ मिलिमीटर जाडीचा काप, वजन जवळपास २२ किलो. त्यातले सतरा किलो बुरा होऊन जाणार हे बघून वाईट वाटलं, पण एका नगासाठी फोर्जिंगची डाय (ठोकून आकार द्यायचा साचा) कोणी करत नाही. बिलाबरोबर मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) कापावर ठोकलेल्या नंबराशी जुळतो का ते दुकानातच बघा. ईएन ८ आणि ईएन १९ डोळ्यांना सारखंच दिसतं.

रफ टर्निंग दोन दिवसांत झालं. मग हीट ट्रीटमेंट, आणि खरी वाट बघायला लागली ती इथे. भट्टी एका तुकड्यासाठी पेटत नाही. त्याच पोलादाचा, त्याच तापमानाचा कोणाचा तरी मोठा लॉट लागला की आपला तुकडा त्यात सरकवतात. दहा दिवस गेले. परत आल्यावर कडकपणा २६० बीएचएन (ब्रिनेल मापाने) भरला, आम्हाला हवा तेवढाच. उष्णतेने तुकडा किंचित वाकतो, म्हणून शेवटची मापं नेहमी त्यानंतर काढायची.

फायनल टर्निंग, व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) भोकं, क्लच नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेल पिना, घर्षणाच्या तोंडाला ग्राइंडिंग. नवा रिंग गिअर मामांनी समोर बसवला: ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या वर तापवून, सांडशीने उचलून एका झटक्यात खाली. गार होताना तो आवळून बसतो. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवला तर दात्यांचा कडकपणा उतरतो, म्हणून ओव्हनचा आग्रह धरा. मग बारीक भेगा शोधणारी डाय पेनिट्रंट (डीपी) चाचणी. लाल रंग, पुसणं, पांढरी फवारणी, आणि पंधरा मिनिटं सगळे त्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे टक लावून. कुठेही लाल रेघ उमटली नाही. सहाशे रुपयांत एवढी शांत झोप दुसऱ्या कशाने मिळाली नसती.

तयार नग ४.९ किलोचा भरला. दोऱ्यांवर टांगल्यावर वीस झोक्यांना साडेपंचेचाळीस सेकंद, म्हणजे ०.०४२. ठरवलं होतं तेच.

बॅलन्सिंगला लोक फार कमी महत्त्व देतात. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात फ्लायव्हील एकटं, क्रँकशिवाय बॅलन्स करता येतं, ही सोय आहे. बॅलन्सिंगचा जी २.५ हा दर्जा मागितला. ६५०० आरपीएमला त्याचा अर्थ असा की कडेला जास्तीत जास्त ०.१५ ग्रॅमचा फरक चालेल. आधी फ्लायव्हील एकटं बॅलन्स केलं, मग त्यावर क्लचची प्रेशर प्लेट बसवून पुन्हा, आणि दोन्हींवर समोरासमोर खूण केली. गाडीवर चढवताना तीच खूण जुळवायची, नाहीतर पैसे वाया. रिपोर्टचा छापील कागद घेऊन ठेवा.

६ जानेवारी २०२४ ला गाडी मित्राच्या गॅरेजात गेली. गिअरबॉक्स उतरला की क्रँकचं मागचं ऑइल सील बदलूनच टाका. चारशे रुपयांच्या सीलसाठी पुढे सगळं परत उतरवावं लागतं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, लॉकिंगचा द्रव लावा, आणि समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. घर्षणाच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने दोनदा पुसलं. डायल गेज लावून हाताने फिरवलं तेव्हा थरथर ०.०४ मिलिमीटर आली. मेस्त्री म्हणाला, 'कंपनीच्या नव्या नगाला पण एवढी चांगली बघितली नाही.' मामांना मी ते फोन करून सांगितलं.

चावी फिरवली तेव्हा मी गॅरेजातल्या सगळ्यांना बाजूला उभं केलं होतं. इंजिन लागलं आणि लगेच कळलं की आवाज बदललाय. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की गिअरबॉक्समधून बारीक खळखळ येते, क्लच दाबला की थांबते. हलक्या फ्लायव्हीलमध्ये हे होतंच, बिघाड नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की फेरे क्षणभर खाली जातात. थोडे दिवस ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) जुळवून घेतल्यावर ते कमी झालं, गेलं मात्र नाही. फेब्रुवारीत पीयूसी काढली, ती नेहमीसारखी निघाली.

पहिले पाचशे किलोमीटर क्लच बसू द्यायचा म्हणून सावकाश. नंतर वाघबीळवरून पन्हाळ्याच्या चढावर नेली. चढावर उभी करून उचलताना आता फेरे थोडे जास्त ठेवावे लागतात आणि पाय दोन-तीन आठवड्यांत ते शिकतो. पण दुसऱ्यातून पहिल्यात येताना! टिचकी मारली की सुई पायाबरोबर उठते आणि गिअर हाताला न जाणवता बसतो. हे मला हवं होतं, आणि हिशेबातल्या किलोंपेक्षा हेच जास्त मोलाचं ठरलं. हायवेवर पाचव्यात काहीही फरक नाही. चढावर गॅस सोडला की वेग पूर्वीपेक्षा किंचित लवकर उतरतो, एवढंच.

खर्च: पोलाद ३,१००, हीट ट्रीटमेंट १,२००, टर्निंग आणि भोकं ९,५००, रिंग गिअर ९००, ग्राइंडिंग ७००, डीपी चाचणी ६००, बॅलन्सिंग १,८००. फ्लायव्हीलचे झाले १७,८०० रुपये. क्लच सेट ५,८००, सील-बोल्ट-गिअर ऑइल १,६५० आणि मजुरी ४,५०० हे बहुतेक तसेही लागणारच होते. एकूण २९,७५०.

डिझेल आणि नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या मालकांनी एक तपासावं. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंगा असलेलं. इंजिनाचे झटके ते गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाही. ते काढून एकसंध हलकं बसवलं तर ते झटके थेट गिअरांवर जातात. अशा गाडीत मी हा उद्योग करणार नाही.

ड्रॉइंग पुष्कळांनी मागितलं. मी कोणालाही दिलेलं नाही, कारण आकडे माझ्या गाडीचे आहेत आणि तुमचे तुमच्या फ्लायव्हीलवरूनच उतरवायला हवेत. मोजायच्या पद्धतीबद्दल काही अडलं तर जरूर विचारा. गाडीचं मूळ फ्लायव्हील तेल लावून पोटमाळ्यावर ठेवलंय, गाडी कधी विकली तर घेणाऱ्याला निवडता यावं म्हणून. ऑगस्टमध्ये विम्याचं नूतनीकरण झालं. जुन्या पत्राची आणि त्यांच्या उत्तराची प्रत पुन्हा जोडली, प्रीमियम तोच राहिला. तुम्ही कंपनी बदललीत तर नव्या कंपनीला हे सगळं पहिल्यापासून कळवावं लागेल, तेव्हा दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.